इमारतीचा करार होतो, गल्लीचा नाही
ठाण्यातला नौपाडा असो की डोंबिवली पूर्वेचा स्टेशन परिसर, जुन्या गल्ल्यांत आज एका इमारतीला हिरवी जाळी, शेजारच्या प्लॉटभोवती पत्रे आणि बंद शटरवर ‘दुकान स्थलांतरित’ असा फ्लेक्स, खाली मोबाइल नंबर, असा देखावा ठिकठिकाणी दिसतो. जिथे लागून तीन-चार इमारती रिकाम्या होतात, तिथे उरलेल्या दुकानांचीही गिऱ्हाइकं तुटतात. पुनर्विकासाचा सगळा हिशेब इमारतीपुरता मांडला जातो, हे त्यामागचं खरं कारण. सहकारी सोसायट्यांसाठी 2019 मध्ये सुधारलेल्या शासकीय नियमांत 51 टक्के सभासदांच्या संमतीची अट आहे. कामाची मुदत, पर्यायी घराचं भाडं, वाढीव चटईक्षेत्र हे सगळं करारात येतं. पण एका गल्लीत एकाच वेळी किती इमारती रिकाम्या व्हाव्यात, याचा विचार यातला कुठलाच करार करत नाही.

पालिकेने एका गल्लीत एका वेळी मोजक्याच इमारतींना परवानगी द्यावी, असं म्हटलं की पहिला आक्षेप जिवाचा येतो, आणि तो रास्तच आहे. 4 ऑगस्ट 2015 रोजी नौपाड्याच्या बी-केबिन भागातली ‘कृष्णा निवास’ कोसळून 12 जणांचा बळी गेला. आदल्याच आठवड्यात ठाकुर्लीतली ‘मातृकृपा’ पडली होती. तेव्हा ‘सी-1’, म्हणजे अतिधोकादायक ठरलेली इमारत तात्काळ रिकामी व्हायलाच हवी. पण पुनर्विकासाला निघालेली प्रत्येक इमारत ‘सी-1’ नसते. बिल्डरचा प्रस्ताव चांगला आला म्हणून पाडल्या जाणाऱ्या धडधाकट इमारतींना परवानगी टप्प्याटप्प्याने देता येईल. भाव चढे असताना थांबायला लावलं तर सोसायटीचं नुकसान होईल, हेही खरं. म्हणून हा क्रम पालिकेने आधीच जाहीर करावा, म्हणजे सोसायट्यांना वाटाघाटी त्या बेताने करता येतील.

टॉवर उभे राहिले की वस्ती वाढेल, धंदा आपोआप परतेल, असंही सांगितलं जातं. धंदा येईल, पण तो त्याच दुकानदाराचा असेल असं नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं. लीव्ह-अँड-लायसन्सवर गाळा घेतलेल्या शिंप्याला किंवा पिठाच्या गिरणीवाल्याला मात्र या निकालाचा आधार नाही. मुदत संपली की त्याने गाशा गुंडाळायचा, आणि नव्या गाळ्याचं भाडं त्याला झेपेलच असं नाही. अशांसाठी त्याच गल्लीत तात्पुरते गाळे देणं आणि नव्या इमारतीत काही लहान गाळे राखणं, या अटी बांधकाम परवानगीतच घालायला हव्यात. त्याचा खर्च बिल्डरवर पडेल. पण ज्या चालत्या बाजाराच्या जोरावर त्याचे फ्लॅट चढ्या भावाने विकले जातात, तो बाजार याच दुकानदारांनी उभा केला आहे.