थंडी दरीत, उन्हं द्राक्षांत

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून पोदियी नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ अवघं 63 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाहूनही कमी. त्या देशातलं हे सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यान. पण एवढ्याशा जागेत एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी नांदतात. पश्चिमेला व्रानोव गावाजवळच्या कपारींत उन्हाळा लागला तरी बर्फ टिकून असतो. तिथून सरळ रेषेत जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर शोबेस नावाचा द्राक्षमळा आहे आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या मळ्यांत त्याची गणना होते. दोन्ही ठिकाणं एकाच दिये नदीच्या काठची. एकीकडे बर्फ आणि दुसरीकडे साखर धरणारे घड, हे कसं जमतं?

याचं बरंचसं उत्तर शाळेत शिकलेल्या एका ओळीत आहे: थंड हवा जड असते, ती खाली बसते.

नदीची वळणं

आधी जमिनीची घडण पाहू. व्रानोव ते पूर्वेचं झ्नोयमो शहर हे अंतर सरळ मोजलं तर 18 किलोमीटरच्या आसपास भरतं. नदी मात्र तेवढ्यासाठी सुमारे 40 किलोमीटर वाहते. असं नागमोडी वाहणं सपाट मैदानातल्या संथ नद्यांचं. दियेनेही ही वळणं घेतली ती सपाटीवरच. पुढे जमीन हळूहळू उचलली गेली, तशी नदी आपल्याच वळणांत खाली कापत गेली. मऊ थर संपून खाली ग्रॅनाइट आणि नाइससारखे कठीण खडक लागले, तोवर पात्र बदलायला वाव उरला नव्हता. त्यामुळे मैदानी नदीचा आराखडा आज शंभर-दोनशे मीटर खोल दरीत कोरलेला दिसतो. काही ठिकाणी नदी एखाद्या टेकडीला जवळजवळ पूर्ण वळसा घालते. मधली अरुंद धार चढून पलीकडे उतरलात की पुन्हा तीच नदी समोर येते.

अशा दरीत उताराची तोंडं सतत बदलतात. एका वळणावरचा उतार दक्षिणेकडे बघतो, पुढच्या वळणावरचा उत्तरेकडे. आपल्याकडे सूर्य वर्षाचा बराच काळ माथ्याजवळून जातो, त्यामुळे याचा फरक फारसा जाणवत नाही. पोदियी सुमारे 49 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे 21 मार्चला किंवा 23 सप्टेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 41 अंशांवरच असतो. सपाट जमिनीवर किरण तिरपे पडून पसरतात. तीच जमीन दक्षिणेकडे 25 अंश कललेली असेल, तर तेवढ्याच जागेवर सुमारे 40 टक्के जास्त थेट ऊन पडतं. उत्तरेकडे तेवढीच कललेली असेल, तर निम्म्याहूनही कमी. हवामानाचा पट्टा बदलायला इथे शेकडो किलोमीटर जावं लागत नाही, नदीचं एक वळण ओलांडलं तरी पुरे.

रात्री थंडी कुठे जाते?

ऊन दिवसाचा हिशेब सांगतं. रात्रीचा हिशेब हवेच्या वजनावर चालतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते आणि तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते. नेहमीचा क्रम उलटतो आणि उंचावर ऊब, तळाला गारवा अशी स्थिती येते. याला तापमान व्युत्क्रमण म्हणतात.

पोदियीत हे व्युत्क्रमण झाडांवरून वाचता येतं. एरवी डोंगर चढताना आधी उबदार हवामानातली झाडं लागतात, मग थंडीतली. इथे बऱ्याच ठिकाणी उलट आहे. गारव्यात वाढणारी बीचची आणि मेपलची झाडं तळाशी नदीजवळ दिसतात. वर उन्हाने तापलेल्या खडकांवर उष्णता आणि कोरड सोसणारे खुरटे ओक उभे असतात.

व्रानोवजवळच्या ‘लेदोव्हे स्लुये’ या बर्फाच्या गुहा म्हणजे याच तत्त्वाचं टोक. नाइसचे प्रचंड ठोकळे दरीकडे घसरले आणि त्यांच्यामध्ये खोल भेगा राहिल्या. हिवाळ्यात जड, गार हवा या भेगांत उतरते. उन्हाळ्यातली गरम हवा हलकी असल्याने तिला खालच्या थंड हवेला हुसकावता येत नाही. वसंतात झिरपणारं पाणी आत जाऊन गोठतं. वटवाघळं इथे शीतनिद्रा घेतात, म्हणून गुहांत पर्यटकांना सोडत नाहीत.

शोबेसची जागा

आता शोबेसचा मळा. नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या जिभेसारख्या भूभागावर, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर तो पसरला आहे. आजूबाजूच्या उंच कडा वारा अडवतात. माती पातळ आणि खडकाळ आहे. खडक दिवसभर तापतात आणि संध्याकाळी ती ऊब वेलींना मिळते. रात्री उतारावर गार झालेली हवा साचून राहत नाही, खाली नदीकडे निघून जाते.

दरीची गार रात्र मात्र मळ्याच्या शेजारीच असते आणि चवीला तिचा उपयोग होतो. मण्यांत साखर भरते ती उन्हाने. मॅलिक आम्ल मात्र वेलीच्या श्वसनात खर्च होतं आणि रात्र जितकी उबदार तितका हा खर्च जास्त. दिवसा भरपूर ऊन आणि रात्री गारवा मिळाला की गोडी येते आणि आंबटपणाही टिकतो. रिस्लिंगसारख्या पांढऱ्या वाइनला नेमकं हेच लागतं. झ्नोयमो परिसराला 2009 मध्ये वाइनच्या मूळस्थानाचा दर्जा मिळाला. चेक प्रजासत्ताकातला हा तसा पहिलाच प्रदेश. त्यासाठी ठरवलेल्या तीन वाणांत रिस्लिंग आहे, ग्रूनर वेल्टलिनर आहे आणि नाशिकच्या वाइन उत्पादकांच्या परिचयाचा सॉव्हिन्यों ब्लांही आहे.

वाण एकच असला तरी वेलीचं वर्ष वेगळं. झ्नोयमोची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदा काढणीला येते. नाशिकला वेल अशी झोपत नाही, म्हणून बागायतदार एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी करून तिला वेळापत्रक लावतात. थंड हवेचा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच. डिसेंबर-जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्री निफाडकडच्या बागांत शेकोट्या पेटतात, कारण वारा पडला की गार हवा जमिनीलगत साचते आणि मण्यांना तडे जायची भीती असते.

कुंपण आणि उकिरडा

हे सगळं टिकलं त्यामागे राजकारणाचाही हात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही दरी कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियाच्या बंदिस्त सीमापट्ट्यात गेली. काटेरी तारा आणि पहारे असल्याने चार दशकं तिथे ना वस्ती वाढली ना पर्यटन. चिझोव गावात त्या कुंपणाचा एक तुकडा आणि टेहळणी मनोरा आजही मुद्दाम जपून ठेवला आहे. सीमा खुली झाल्यावर 1991 मध्ये पोदियी राष्ट्रीय उद्यान झालं. पलीकडच्या तीरावर ऑस्ट्रियाने 2000 मध्ये तायाताल उद्यान जाहीर केलं. ते तर 13 चौरस किलोमीटरचंच.

मात्र कुंपण घालून सगळंच वाचत नाही. हाव्रानिकी गावाजवळचं खुरट्या झुडपांचं माळरान शतकानुशतकांच्या चराईतून तयार झालं. चराई थांबली की झाडोरा माजतो आणि उघड्यावर राहणारे कीटक आणि वनस्पती हटतात. म्हणून तिथे आता एक्समूर जातीची तट्टं चरायला सोडली आहेत. मळ्यांच्या दगडी बांधांत हिरवे सरडे ऊन खातात. एस्क्युलेपियन साप हा इथला बिनविषारी, झाडावर चढणारा साप. पंधरा-वीस अंश तापमानात त्याची अंडी नीट उबत नाहीत, म्हणून मादी कुजत्या पाल्याचा ढीग शोधते. कुजताना निघणारी उष्णता तिच्या कामी येते. उद्यानाचे कर्मचारी असे ढीग मुद्दाम रचून ठेवतात. राष्ट्रीय उद्यानात उकिरडा राखणं हाही संवर्धनाचा भाग आहे.

एका गोष्टीवर मात्र उद्यानाचा ताबा चालत नाही. दरीच्या तोंडाशी 1930 च्या दशकात बांधलेलं व्रानोव धरण आहे. थंड पाणीही जड असतं, ते जलाशयाच्या तळाशी साचतं आणि जनित्रांतून खाली सोडलं जातं. त्यामुळे एरवी उन्हाळ्यात कोमट झाली असती ती नदी गारच राहते. तिच्यात आता थंड पाण्यातला ट्राउट मासा राहतो आणि मूळच्या कोमट पाण्यातल्या माशांची पीछेहाट झाली आहे. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडलं जात असल्याने पातळीही वरखाली होते. उद्यानाची हद्द नकाशावर आखता येते, पण नदी हद्दीच्या बाहेरून येते. लहान उद्यानांची ही अडचण जगभर सारखीच आहे.

व्हिएन्नाहून रेल्वेने झ्नोयमोला जाता येतं. सप्टेंबरमध्ये गेलात तर ह्नानित्से गावातून पायी शोबेस गाठा. पांढऱ्या पट्ट्यांमधली रंगीत पट्टी ही तिथल्या पायवाटेची खूण, ती सोडू नका. सोबत एक साधा थर्मामीटर ठेवा. पहाटे नदीकाठी आणि तासाभरात मळ्याच्या उतारावर तापमान मोजा. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर वरचा आकडा खालच्यापेक्षा जास्त येईल. हा प्रयोग आपल्या सह्याद्रीतल्या कुठल्याही दरीत हिवाळ्यात करता येतो, त्यासाठी व्हिसा लागत नाही.