एका रविवारी गेलेला तांदूळ आणि कोयनेल

8 मार्च 1942, रविवार. त्या एकाच दिवशी जपानी फौजा ब्रह्मदेशातल्या रंगूनमध्ये शिरल्या आणि जावात डचांनी शरणागती पत्करली. ठाण्याच्या खाडीत जपानी सैनिक कधी उतरला नाही. तरी इथल्या घरांतला भात आणि हिवतापाचं औषध कोयनेल, दोन्ही त्या दिवशी शत्रूच्या हाती गेलं.

आधी भाताचा हिशेब. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात वर्षाला साधारण 15 लाख टन तांदूळ यायचा. रेल्वेच्या वीस टनी वाघिणींत भरला तर 75,000 वाघिणी. चाळीस वाघिणींची एक गाडी धरली तर रोज पाच मालगाड्या, वर्षभर. हाच तांदूळ तेव्हाच्या 39 कोटी माणसांत वाटला, तर माणशी दिवसाला 10 ग्रॅम येतो. सुमारे 500 दाणे! एवढ्याने कोण उपाशी राहील? सरासरी फसवते ती इथेच. पंजाबातल्या गहू पिकवणाऱ्याच्या ताटातून एक दाणाही गेला नाही. रंगूनच्या तांदळावर विसंबलेल्या मुंबईला, कोकणाला, मलबारला मात्र पुरती झळ बसली. भाव भडकले. बंगालमध्ये तर महागाई, साठेबाजी आणि सरकारी बेपर्वाई यांनी मिळून सुमारे 30 लाख जीव घेतले.

मुंबईत 2 मे 1943 ला रेशनिंग सुरू झालं. माणशी रोज एक पौंड धान्य. पंधरा लाख वस्तीला रोज 680 टन, म्हणजे 34 वाघिणी, एक दिवसही न चुकता. (ठाणे, कल्याण, डोंबिवलीची रेशनकार्डं आजही मुंबईच्या शिधावाटप नियंत्रकाकडेच आहेत.) 1946 मध्ये तो पौंड 12 औंसांवर आला. पाच माणसांच्या घरात महिन्याला 17 किलो धान्य कमी.

मग तांदूळ कमी आणि पाणी जास्त अशी पेज. डोंगराकडच्या पाड्यांवर भुकेच्या दिवसांचा जुना आधार म्हणजे कडूकंद. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे तो तोंडात धरवतो. एका जेवणासाठी एवढी मेहनत करणाऱ्या बायकांचे तास कुठल्याच तक्त्यात नाहीत, आणि ते असायला हवे होते.

औषधाचं गणित याहून भयंकर. जगातलं सुमारे 90 टक्के कोयनेल जावाच्या सिंकोना मळ्यांतून येत असे. आपल्याकडे वर्षाला सुमारे 2 लाख पौंड खपायचं, आणि आपले मळे त्यातला थोडासाच भाग पुरवायचे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख त्याने मरायचे. युद्धाआधीचा सगळा खप या रुग्णांत वाटला तरी प्रत्येकाला सव्वा ग्रॅम येतो. तो जेमतेम एका दिवसाच्या मात्रेला पुरतो. हे सुकाळातलं! पुढे, जावाचं कोयनेल थांबल्यावर, किराईत, गुळवेल आणि सातविणीच्या सालीचा काढा. त्याने अंगाला बरं वाटत असेल, पण कोयनेलची जागा तो घेऊ शकत नव्हता.

या टंचाईत खाणारी तोंडंही वाढली. याच काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली, 6,000 सैनिक आणि 30,000 इतर माणसांसाठी, 2,126 बराकींची. युद्ध संपलं, छावणी ओस पडली आणि फाळणीनंतर त्याच बराकींत जवळपास एक लाख सिंधी निर्वासित आले. 1949 मध्ये तिचं नाव उल्हासनगर झालं. माणशी 12 औंस धरले तरी या एका वस्तीला रोज 34 टन धान्य हवं होतं.