दोन गळे, एक गिटार

नाताळ जवळ आला की ‘सायलेंट नाइट’ कुठून ना कुठून कानावर पडतंच. मूळ गाणं मात्र जर्मन, ‘श्टिले नाख्ट’, आणि त्याचा जन्म ऑस्ट्रियातल्या ओबरन्डॉर्फ या नदीकाठच्या नावाड्यांच्या गावातला.

२४ डिसेंबर १८१८. तरुण धर्मगुरू योझेफ मोर यांनी १८१६ मध्ये लिहिलेली आपली कविता फ्रान्झ ग्रूबर यांच्या हाती ठेवली. ग्रूबर शेजारच्या गावात शिक्षक होते आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. दोन आवाज, कोरस आणि गिटार यांसाठी चाल हवी होती. त्याच दिवशी चाल बांधून झाली आणि रात्री दोघांनी ती गायलीही! वरचा आवाज आणि गिटार मोर यांची, खर्ज ग्रूबर यांचा. ठेका सहा मात्रांचा, पाळण्यासारखा डुलणारा. आपल्या दादऱ्याच्या अगदी जवळचा.

उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार आली, ही गोष्ट गोड आहे, पण ग्रूबर यांनी १८५४ मध्ये लिहिलेल्या हकिकतीत तिचा मागमूस नाही.

पुढे टिरोलच्या गायक कुटुंबांनी हे गाणं गावोगाव नेलं. १९१४ च्या नाताळात तर आघाडीवरच्या खंदकांतूनही ते ऐकू आलं.

आज बहुतेक ठिकाणी तीनच कडवी गातात, मूळ कविता सहा कडव्यांची आहे. यंदा सगळी सहा, नुसत्या गिटारवर, एकदा ऐकाच.