पत, चारित्र्य आणि नोकरी

मराठीतील ‘पत’ हा शब्द एकाच वेळी दोन अर्थ वाहतो. ज्याला कर्ज मिळते त्याची बाजारात पत असते; ज्याचा शब्द मानला जातो त्याची समाजात पत असते. उमेदवाराची कर्जफेड तपासून नोकरी देणारा मालक पहिल्या अर्थावरून दुसरा काढू पाहतो. ह्या अनुमानास मर्यादा कोठे घालावी, हा प्रश्न बारामती-इंदापूरच्या परिसरास सर्वस्वी नवा नाही.

आज बारामती तालुक्यात मोडणाऱ्या सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. कर्जखतात रक्कम असे. ती कशी फुगली हे नसे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जखतामागील मूळ व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयाकडे सोपविले, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास होणारी कैदही बंद केली.

आजच्या पतनोंदीतही तीच उणीव आहे. ३०० ते ९०० मधील गुणांक हप्ता चुकल्याचे दाखवितो. तो का चुकला, हे नाही. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते लांबले की ऊस-उत्पादकाच्या घरचा हप्ताही लांबतो. शैक्षणिक कर्जाचा पेच तर अधिकच विचित्र : नोकरी नाही म्हणून हप्ते थकतात, आणि हप्ते थकले म्हणून नोकरी नाही.

२००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यानुसार ही माहिती विनिर्दिष्ट वापरकर्त्यांनाच मिळते. केवळ मालक म्हणून कोणी त्यांत बसत नाही. परंतु उमेदवारालाच अहवाल आणावयास सांगितले की हे कुंपण नावापुरते उरते. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने प्रतिकूल पतनोंदीमुळे स्टेट बँकेने रद्द केलेली एक नेमणूक रद्दच ठेवली. कर्जे फेडल्याचे उमेदवाराचे म्हणणे उपयोगी पडले नाही. लोकांचा पैसा हाताळणाऱ्यास आर्थिक शिस्त हवी, हे तत्त्व बँकेपुरते समजण्याजोगे आहे. तेच माप कारखान्यातील फिटरला लावण्यास मात्र आधार दिसत नाही.

अमेरिकेत १९७० च्या कायद्यान्वये आज उमेदवाराची लेखी संमती घ्यावी लागते. (गरजवंताची संमती कितपत स्वेच्छेची, हे निराळे.) वॉशिंग्टन राज्याने २००७ मध्ये, न्यू यॉर्क शहराने २०१५ मध्ये ठराविक पदे वगळता ही तपासणीच निषिद्ध केली. शिवाय १९७० च्या कायद्यान्वये अहवालावरून नकार देण्यापूर्वी त्याची प्रत उमेदवारास द्यावी लागते, म्हणजे चुकीच्या नोंदीस वेळीच हरकत घेता येते. भारतात मालकांवर असे स्पष्ट बंधन नाही.