समरटनची शाळा आणि सह्यांची किंमत

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. हा निकाल ‘ब्राउन’ या नावाने प्रसिद्ध झाला. ब्राउन कुटुंब कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरातले, म्हणून लढ्याचे श्रेयही त्या शहराकडे गेले. वास्तविक त्या निकालात चार राज्यांतले दावे एकत्र आले होते. त्यांतला सर्वांत आधी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेला दावा दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीमधल्या समरटन या छोट्या गावाचा: ‘ब्रिग्ज विरुद्ध एलियट’. समरटन आणि तिथली स्कॉट्स ब्रँच शाळा यांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. कृष्णवर्णीय मुलांना कशी शाळा मिळणार हे केवळ शाळा मंडळाच्या बैठकीत ठरत नव्हते. गावातली जमीन, नोकऱ्या आणि उधारी ज्यांच्या हातात होती, त्यांच्या मर्जीवर ते ठरत होते.

क्लॅरेंडन हा कापसाचा मुलूख. लोकसंख्येत कृष्णवर्णीय बहुसंख्य, पण त्यांतले बरेचसे दुसऱ्याच्या शेतावर वाट्याने राबणारे. बियाणे-खतासाठी उचल घ्यायची गोऱ्या व्यापाऱ्याकडून, आणि सरकी काढायला कापूसही न्यायचा गोऱ्यांच्याच जिनिंगमध्ये. १९४९-५० या वर्षी काउंटीने दर गोऱ्या विद्यार्थ्यामागे १७९ डॉलर खर्च केले, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यामागे ४३. साडेसहा हजार कृष्णवर्णीय मुलांच्या ६१ शाळांची एकूण किंमत दोन लाख डॉलरच्या आत होती. गोऱ्या मुलांची संख्या २,३७५, आणि त्यांच्या १२ शाळांची किंमत पावणेसात लाखांच्या घरात. चौपटीची ही तफावत नजरचुकीने पडत नाही. शिकलेला मजूर हिशेबाची वही स्वतः वाचू लागतो, आणि उचलीवर चालणाऱ्या व्यवस्थेला ते परवडत नाही.

लढ्याला सुरुवात मात्र समतेच्या घोषणेने झाली नाही. ती झाली एका बसने. गोऱ्या मुलांसाठी काउंटीच्या ३० बस होत्या, कृष्णवर्णीयांसाठी एकही नाही. काही मुले स्कॉट्स ब्रँच शाळेत यायला नऊ-नऊ मैल चालत. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली. ती सारखी बंद पडे, आणि काउंटी पेट्रोलचाही खर्च देईना. शिक्षक आणि धर्मोपदेशक जोसेफ डीलेन यांच्या सांगण्यावरून शेतकरी लेव्हाय पिअर्सन यांनी १९४८ मध्ये बससाठी दावा लावला. त्यांची जमीन दोन शाळा-हद्दींत विभागलेली होती. ते कर दुसऱ्या हद्दीत भरतात या मुद्द्यावर दावा फेटाळला गेला. पुढच्या हंगामात त्यांना बियाणे-खतासाठी कोणी उधार देईना.

नोव्हेंबर १९४९ मध्ये पालक आणि मुले मिळून शंभरावर लोकांनी नव्या अर्जावर सह्या केल्या. वर्णक्रमाने पहिले नाव हॅरी ब्रिग्ज यांचे, म्हणून त्यातून उभा राहिलेला दावाही ‘ब्रिग्ज’ या नावाने ओळखला गेला. दुसऱ्या महायुद्धात आरमारात राहून आलेला हा माणूस पेट्रोल पंपावर काम करत होता. सह्या करणाऱ्यांना पद्धतशीर वाळीत टाकले गेले. हॅरींची नोकरी गेली, मोटेलात काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी एलायझा यांचीही गेली, आणि हॅरी पोटासाठी फ्लोरिडाला गेले. १९५१ मध्ये डीलेन यांचे घर जळाले. घर हद्दीबाहेर आहे असे म्हणत अग्निशामक दलाचे लोक बघत राहिले. १९५५ मध्ये लेक सिटीतले त्यांचे चर्च जाळले गेले, घरावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि ते राज्य सोडून निघून गेले.

यावर एक आक्षेप त्या काळीच घेतला गेला: तफावत होती हे मान्य, पण तिच्यावर उपाय म्हणजे चांगली इमारत; शाळा एक कशाला करायची? गव्हर्नर जेम्स बर्न्झ यांनी विक्रीकर लावून साडेसात कोटी डॉलरच्या रोख्यांची योजना आणली, स्कॉट्स ब्रँचला नवी इमारतही मिळाली. या दाव्याच्या १९५१ च्या सुनावणीत तीनपैकी दोन न्यायाधीशांनी हाच उपाय पुरेसा मानला. पण या इमारती उठल्या त्या दाव्याच्या धाकाने. धाक संपल्यावर निधी टिकेल याची हमी कोण देणार होते? शिवाय प्रश्न विटांपुरता नव्हता. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी काउंटीतल्या १६ कृष्णवर्णीय मुलांपुढे दोन रंगांच्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा १० जणांनी गोरी बाहुलीच चांगली ठरवली. नमुना लहान होता, त्यावर टीकाही झाली. तरी केवळ भिंती नव्या करून ही समजूत बदलेल, असे कोणी दाखवू शकले नाही. वेगळेपण हीच मुळात विषमता, असे तिसरे न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांनी भिन्नमत पत्रिकेत लिहिले. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालय त्याच निष्कर्षावर आले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: मग निकालाने काय साधले? समरटनमध्ये अंमलबजावणी व्हायला आणखी दशकभर गेले. १९६५ मध्ये क्लॅरेंडन हॉल ही खासगी शाळा निघाली, गोरी मुले तिकडे गेली आणि सरकारी शाळा जवळजवळ पूर्णपणे कृष्णवर्णीयांच्या राहिल्या. आक्षेपातले वास्तव नाकारता येत नाही, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. निकालाआधी भेदभाव कायद्याच्या जोरावर आणि सर्वांच्या करातून चालत होता. निकालानंतर ज्याला तो हवा, त्याला स्वतःच्या खिशातून फी भरावी लागली. राज्याचा शिक्का पुसला गेला, ही मिळकत छोटी नाही. जमीन आणि भांडवल यांची वाटणी मात्र त्या दाव्याचा विषयच नव्हता. ती जशीच्या तशी राहिली, म्हणून गावही बरेचसे तसेच राहिले.

२००४ मध्ये डीलेन, पिअर्सन आणि ब्रिग्ज दांपत्य यांना अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक मरणोत्तर देण्यात आले. सन्मान योग्यच होता. पण शाळेचा हक्क मागणाऱ्याला रोजगार आणि उधारी गमवावी लागणार असेल, तर तो हक्क न्यायालयात जिंकूनही गावात अर्धाच पोचतो, हा समरटनचा धडा पदकापेक्षा मोलाचा आहे.