‘थूल’ म्हणू नये

फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या पफिन प्रकाशनाने रोआल्ड डाल यांच्या बालकथांत केलेले फेरफार उघडकीस आले आणि मोठा वाद उसळला. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’मधील खादाड ऑगस्टस ग्लूप या मुलाचे ‘लठ्ठ’ हे विशेषण गाळून त्याला केवळ ‘प्रचंड’ म्हटले गेले होते. टीका झाल्यावर मूळ पाठही छापत राहण्याचे प्रकाशकांनी जाहीर केले.

जैन वाचकास हा वाद नवा वाटू नये. श्वेतांबर परंपरेनुसार दशवैकालिक सूत्र आचार्य शय्यंभवांनी आपला पुत्र बालमुनी मनक याच्यासाठी रचले. मनकाचे आयुष्य सहाच महिने उरले होते. एवढ्या अल्प अवधीत मुलास काय शिकवावे, हे ठरविताना पित्याने एक संपूर्ण अध्ययन वाणीला दिले. ते सातवे, ‘वाक्यशुद्धि’. काण्याला काणा, रोग्याला रोगी म्हणू नये, हे त्यात आहेच; पण मनुष्य, पशू, पक्षी वा सरपटणाऱ्या जीवास ‘थूल’ म्हणू नये, असेही सांगितले आहे. बोलणे भागच पडले तर पुष्ट, ‘महाकाय’ असे पर्याय दिले आहेत. पफिनने ठेवलेला शब्द जवळपास हाच!

सूत्रात ‘थूल’च्या पंक्तीला ‘वध करण्याजोगा’ आणि ‘शिजविण्याजोगा’ हे शब्द बसले आहेत. देहाकडे मांस म्हणून पाहणारी नजर तेथे निषिद्ध ठरते.

भोपळ्यातून परतणाऱ्या म्हातारीला वनात हीच नजर भेटते. लेकीकडे जाऊन जाड होऊन येते, मग खा, असे ती वाघाला सांगते; ‘जाड’ हा शब्द तिने वाघाच्या कानांसाठी योजलेला असतो. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या वाटेवर खराच वाघ येऊ शकतो. तेथे या कथेतील ‘जाड’ खोडला, तर म्हातारीची युक्तीच नाहीशी होते. शिवाय जाड होणे म्हणजे लेकीच्या घरचे तूप अंगी लागणे. त्यात हिणवणी कसली?

गडचिरोलीच्या पाड्यांवर तर शब्द सौम्य करणे परवडतच नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरहून कमी भरला, की ते ‘तीव्र कुपोषित’ गणले जाते. तो शब्द लिहिला गेला नाही, तर उपचारही लांबतात.

मात्र चंद्रपूर, वरोरा, वडसा येथील आपल्या दुकानांच्या गल्ल्यामागे वाढणाऱ्या मुलाला ‘मोटू’, ‘ढोल्या’ अशी हाक घरचीच माणसे मारतात, तीही गिऱ्हाइकांदेखत. कात्री लावायचीच असेल तर प्रथम येथे लावावी. पर्युषणात कूरगडू मुनींची कथा सांगितली जाते. त्यांना उपवास झेपत नसे. संवत्सरीलाही ते भात घेऊन बसले, तेव्हा तपस्वी साधू त्यांच्या पात्रात थुंकले. केवलज्ञान प्रथम झाले ते या भात खाणाऱ्याला. पाठशाळेत ही कथा ऐकून आलेला मुलगा पारण्याच्या दिवशी तिसरी पुरी मागतो, आणि पंगतीतल्या साऱ्या नजरा त्याच्या ताटाकडे वळतात.