आढी, पुडी आणि नॅनोनळी

पेडणे-डिचोलीकडच्या घरांतून मानकुराद आंबे गवताच्या आढीत घालतात. आढीच्या उबेनेच आंबा पिकतो असा आपला समज; पण मुख्य काम करतो तो इथिलीन वायू. तो आंब्यातूनच निघतो, आढीत कोंडून राहतो आणि शेजारच्या आंब्यालाही पिकायला लावतो.

बाजाराला एवढा धीर नसतो. कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीला दमट हवा लागली की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो व तो इथिलीनची नक्कल करतो. बाजारी कार्बाइडात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात, म्हणून फळे पिकविण्यासाठी त्याला आपल्या देशात बंदी आहे. २०१६ साली इथिलीन वायूला मुभा मिळाली, तीही हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंतच. पण विषाची गोष्ट बाजूला ठेवली तरी पुडीचा एक दोष उरतोच. वायू सुटण्याच्या वेगावर तिचा ताबा नसतो.

हा ताबा मिळविण्याचा एक मार्ग म्हणजे पदार्थ अतिशय अरुंद नळीत भरणे. समईची वात तेल ओढून घेते, तशीच अशी नळीही द्रव आत ओढते. पुलिकेल अजयन व सुमिओ इजिमा यांनी १९९३ साली कार्बनच्या नॅनोनळ्यांत वितळलेले शिसे याच रीतीने शिरविले.

फळांसाठी मात्र स्वस्त नळी हवी. ती निसर्गातच आहे. हॅलोसाइट नावाच्या मातीचे कण म्हणजे गुंडाळलेल्या चटईसारख्या नळ्याच. आतली पोकळी साधारण १५ नॅनोमीटर. आपला केस त्याच्या हजारो पट जाड! ही पूड द्रावणात ढवळून पात्रातली हवा काढून घेतात. नळ्यांतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. पुन्हा हवा सोडली की द्रावण आत दाबले जाते. असे दोन-तीनदा करतात.

आत काय भरायचे? आंबा पिकविण्याइतकाच तो टिकविण्याचाही प्रश्न आहे. ओव्याला वास देणारे थायमॉल बुरशीला मारक असते, पण उघडे ठेवले तर उडून जाते. नळीत भरले की त्याची वाफ हळूहळू बाहेर पडते. संशोधकांनी अशी भरलेली माती फळांच्या वेष्टनांत वापरून पाहिली आहे.

मात्र थंड खोलीत मोजलेले दिवस मे महिन्यातल्या म्हापशाच्या बाजाराला लागू पडणार नाहीत. उकाड्यात वाफ लवकर सुटते. ती मोजणी इथल्याच हवेत करावी लागेल.